भेकड कायदेमंडळे आणि शस्त्रधारी शिक्षक

२३ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या प्रतिनिधिगृहाने ६८ विरुद्ध २८ मतांनी एक विधेयक मंजूर केले. शाळेतील शिक्षकाने भरलेले पिस्तूल कपड्यांआड लपवून वर्गात यावे, अशी परवानगी त्याने दिली. प्रेक्षकांच्या सज्जात आया बसल्या होत्या. 'तुमचे हात रक्ताने माखले आहेत' असा आक्रोश उठला, तेव्हा सभापतींनी सज्जाच रिकामा करवला. तीन दिवसांनी गव्हर्नर बिल ली यांनी विधेयकावर सही केली. कोणत्या शिक्षकाजवळ पिस्तूल आहे हे आईबापांना कळू द्यायचे नाही, हेही त्या कायद्यात लिहून ठेवले आहे. आपल्या सहा वर्षांच्या लेकीच्या वर्गात भरलेले हत्यार आहे की नाही, हे जाणण्याचा अधिकार जन्मदात्यांना नाही! याला कायदा म्हणण्यास आमची लेखणी धजत नाही. राज्यकर्त्यांनी आपल्या पळपुटेपणाचा हा लेखी कबुलीजबाब दिला आहे.

ज्या घटनेनंतर हा कायदा आला, ती आठवा. २७ मार्च २०२३ रोजी याच राज्याच्या राजधानीत, नॅशव्हिलमधील कव्हनंट शाळेत, नऊ-नऊ वर्षांची तीन मुले आणि तीन प्रौढ माणसे मारली गेली. मृतांत खुद्द गव्हर्नरांच्या पत्नीची मैत्रीण होती. हल्लेखोराने सात बंदुका राजरोस दुकानांतून कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या. स्वतःला किंवा इतरांना धोका ठरलेल्या माणसाच्या बंदुका न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरत्या काढून घेता याव्यात, एवढी साधी तरतूद खुद्द गव्हर्नरांनी सुचवली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये विशेष अधिवेशन भरले आणि ती तरतूद न करताच उठले. त्याआधी, हत्याकांडाला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, सभागृहात बंदुकांविरुद्ध आवाज चढवला म्हणून जस्टिन जोन्स आणि जस्टिन पिअरसन या दोन तरुण सदस्यांना त्याच प्रतिनिधिगृहाने बडतर्फ केले होते. बंदूक विकणाऱ्याला कुणी हात लावला नाही. बोलणाऱ्याला हाकलले आणि वर्षभराने शिक्षकाच्या कमरेला पिस्तूल बांधले. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची आमची म्हण इतकी तंतोतंत खरी ठरलेली आम्ही क्वचितच पाहिली आहे.

मराठी वृत्तपत्राने सातासमुद्रापलीकडच्या या प्रश्नावर अग्रलेख का लिहावा, असे कुणी विचारील. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांना गोळ्या घालून ठार केले गेले, त्यांत मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक मुलगी होती आणि तमिळनाडूत जन्मलेले एक प्राध्यापकही होते. आज डॅलस, ऑस्टिन, टॅम्पा, कोलंबस अशा शहरांतून मराठी कुटुंबांची मुले तिथल्या सरकारी शाळांत जातात. दिवे मालवून, दाराला कडी लावून, बाकाखाली श्वास रोखून बसण्याची तालीम ती मुले पहिलीपासून करतात. पुण्या-नागपुरातल्या आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर नातू 'आज लॉकडाऊन ड्रिल होती' असे सहज सांगून जातो. हा प्रश्न आमच्या घरातला आहे आणि त्यावर बोलण्यासाठी आम्हांला कुणाची परवानगी नको.

शिक्षकांना शस्त्रे द्या म्हणणाऱ्यांचा सारा युक्तिवाद एका वाक्यात मावतो. बंदूकधारी दुर्जनाला बंदूकधारी सज्जनच रोखू शकतो. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटच्या सँडी हूक प्राथमिक शाळेत वीस कोवळी मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. त्यानंतर आठवड्याभरात नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूक-समर्थक संघटनेचे वेन लापियर यांनी हा मंत्र जगाला ऐकवला. तेव्हापासून तो प्रत्येक हत्याकांडानंतर जपला जातो. तो खरा की खोटा हे पाहण्यासाठी तर्काचीही गरज नाही. टेक्सासमधील युवाल्डे हे गाव त्याचे उत्तर आहे.

२४ मे २०२२. रॉब प्राथमिक शाळा. अठरा वर्षे पूर्ण होताच कायदेशीरपणे रायफल विकत घेतलेला एक तरुण वर्गात शिरला. एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्या दिवशी त्या शाळेवर एकूण ३७६ सशस्त्र अधिकारी जमले होते, असे टेक्सास विधिमंडळाच्याच चौकशी समितीने नोंदवले आहे. ढाली होत्या, रायफली होत्या, चिलखते होती. आतून मुले फोन करून पोलिसांना बोलावत होती. आणि ३७६ सज्जन ७७ मिनिटे बाहेर थांबले! रायफलीच्या गोळीला ते घाबरले. आम्ही त्या भीतीची टवाळी करणार नाही. तसल्या रायफलीपुढे भीती वाटणारच, आणि तीच तर मुद्द्याची गोष्ट आहे. जे ३७६ प्रशिक्षित शिपायांना जमले नाही, ते गणिताच्या बाईंनी एका हाताने विद्यार्थ्यांना कोपऱ्यात ढकलत, दुसऱ्या हाताने पिस्तूल उपसून करावे, अशी अपेक्षा ज्या राज्यकर्त्यांनी केली, त्यांना लाज कशी वाटली नाही?

लाज वाटली नाहीच. युवाल्डेच्या मुलांचे अंत्यविधीही व्हायचे होते, तेव्हा, तीन दिवसांनी, ह्यूस्टनमध्ये त्याच रायफल असोसिएशनचे अधिवेशन भरले. तेव्हाचे माजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तेथे शिक्षकांना शस्त्रे बाळगू देण्याचा पुन्हा पुरस्कार केला. आणि ते बोलत होते त्या सभागृहात बंदूक आणण्यास सक्त मनाई होती, कारण त्यांच्या सुरक्षा पथकाला भरल्या बंदुकांच्या गर्दीत आपला नेता सुरक्षित वाटत नव्हता. तो निर्णय योग्यच होता. मग जो न्याय नेत्याला, तो दुसरीतल्या मुलाला का नाही?

फ्लोरिडातील पार्कलँड येथे १४ फेब्रुवारी २०१८ रोजी सतरा जण मारले गेले, तेव्हा शाळेत नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला. त्याच्यावर खटला चालला आणि २०२३ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. ज्याचे वेतन याच कामाचे होते, तोही कायद्याच्या कसोटीवर दोषी ठरला नाही. उद्या एखाद्या शिक्षिकेचा हात थरथरला, ती गोठून उभी राहिली, तर तिला जन्मभर जाब विचारला जाईल. 'तुझ्याजवळ पिस्तूल होते ना, मग आमचे मूल का गेले?' हा प्रश्न तिला गावातल्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक रस्त्यावर भेटेल. कायदेमंडळाच्या वाट्याचा दोष तिच्या माथी मारण्याची ही तजवीज आहे.

प्रशिक्षण देऊ, असे सांगितले जाते. किती? ओहायोमध्ये २०२१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शाळेत शस्त्र बाळगायचे तर शिक्षकाला पोलिसाइतके, म्हणजे सातशे तासांहून अधिक, प्रशिक्षण किंवा पोलीस सेवेचा दीर्घ अनुभव असलाच पाहिजे. विधिमंडळाने काय केले? युवाल्डेनंतर तीनच आठवड्यांत गव्हर्नर माइक डिवाइन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि सातशे तासांचे चोवीस तास झाले. चोवीसपेक्षा जास्त तासांची सक्ती राज्याने करायची नाही, असा तो कायदा! पोलिसांच्या संघटनेने विरोध केला, शिक्षकांच्या संघटनांनी विरोध केला. कुणाचे ऐकले नाही. वर्षानुवर्षे प्रशिक्षण आणि सराव असलेल्या न्यूयॉर्कच्या पोलिसांचे, समोरून गोळीबार होत असताना, शंभरातले जेमतेम अठरा नेम लागतात, असे रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये दाखवून दिले होते. उरलेल्या ब्याऐंशी गोळ्या कुठे जातात? रस्त्यावर त्या भिंतीत जातात. पंचवीस मुलांच्या वर्गात त्या कुठे जातील, हे आम्ही लिहीत नाही. ज्याला मूल आहे त्याला ते कळते.

पण या सगळ्याहून भीषण अशी एक गोष्ट आहे आणि तिच्याविषयी या कायद्यांचे पुरस्कर्ते तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. शाळेवर गोळ्या झाडणारा बहुतेक वेळा असतो कोण? भिंत ओलांडून आलेला परका दरोडेखोर? कोलंबाइन शाळेवर हल्ला करणारे दोघे त्याच शाळेत शिकत होते. टेक्सासच्या सांता फेचा, मिशिगनच्या ऑक्सफर्डचा, जॉर्जियाच्या अपालाचीचा हल्लेखोर त्याच शाळेचा विद्यार्थी होता. अपालाचीचा तर चौदा वर्षांचा होता. पार्कलँडचा तिथलाच माजी विद्यार्थी. व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूजमध्ये जानेवारी २०२३ मध्ये शिक्षिकेवर गोळी झाडणारे पोर सहा वर्षांचे होते! म्हणजे हा कायदा शिक्षिकेला काय सांगतो? ज्याची हजेरी तू रोज घेतेस, ज्याच्या वहीवर लाल शाईने शेरा मारतेस, ज्याचे नाव तुला पाठ आहे, त्या मुलाच्या छातीवर नेम धरायची तयारी ठेव आणि ती तयारी ठेवूनच रोज त्याला शिकव. कोणत्या शिक्षकी धर्मात हे बसते? शिकवणाऱ्या माणसाचा त्याच्या विद्यार्थ्याशी असलेला संबंध या एका तरतुदीने मुळापासून नासवला आहे.

आणि तो संबंध हेच शाळेचे खरे संरक्षण आहे. हे आमचे भाबडे मत नव्हे. राष्ट्राध्यक्षांचे रक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनेच शाळांवरील हल्ल्यांचा अभ्यास केला आहे. २००८ ते २०१७ या काळातील ४१ हल्ल्यांत प्रत्येक हल्लेखोराच्या वागण्यात आधीपासून काळजी वाटावी अशी लक्षणे दिसत होती. पुढे २०२१ मध्ये त्यांनी घडण्याआधीच उधळले गेलेले ६७ कट तपासले. ते उधळले कुणी? बहुतेक वेळा दुसऱ्या विद्यार्थ्यांनी. कुणीतरी काहीतरी ऐकले, पाहिले आणि एखाद्या मोठ्या माणसाला जाऊन सांगितले. मूल सांगते कुणाला? ज्याच्यावर विश्वास आहे त्याला. 'बाई, तो अमुक मुलगा काहीतरी भयंकर बोलतोय' हे वाक्य ज्या शाळेत उच्चारले जाते, ती शाळा वाचते. ते वाक्य ऐकणाऱ्या बाईंच्या कमरेला पिस्तूल आहे हे मुलाला ठाऊक असेल, तर आपल्या मित्राविषयी ते तोंड उघडेल का? आपण बोललो आणि बाईंनी त्याला मारले तर, या भीतीने ते गप्प बसेल. जे कवच खरोखर काम करते आहे, तेच हे लोक फोडून टाकत आहेत.

विरोधी बाजूचे जे सबळ आहे तेही मांडले पाहिजे. टेक्सासमधील हॅरल्डसारख्या आडगावी, जिथे पोलीस पोहोचायला बराच वेळ लागतो, तिथल्या शाळेने २००७ मध्येच कर्मचाऱ्यांना शस्त्रे दिली, आणि तिथल्या माणसांची भीती खोटी नाही. मिसिसिपीतील पर्ल येथे १९९७ मध्ये एका सहायक मुख्याध्यापकाने गाडीतून पिस्तूल आणून पळणाऱ्या हल्लेखोराला धरले, हेही खरे. पण तोवर दोन मुली मेल्या होत्या आणि सातजण जखमी झाले होते. पार्कलँडच्या चौकशी आयोगानेही शेवटी शिक्षकांना शस्त्रे देण्याची शिफारस केली, हे आम्ही जाणतो. अपालाचीमध्ये २०२४ साली शाळेतल्या सशस्त्र अधिकाऱ्यांसमोर हल्लेखोर शरण आला, आणि त्यांनी अनेक जीव वाचवले असतील. पण ते अधिकारी होते. ते त्यांचे काम होते, त्यासाठी ते शिकले होते, त्यांच्या अंगावर गणवेश होता. चार जण तरीही मेले. दूरच्या गावाला पोलीस हवा असेल तर सरकारने पोलीस द्यावा. टेक्सासने २०२३ मध्ये प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक असलाच पाहिजे असा कायदा केला आणि त्यासाठी दर शाळेमागे वर्षाला अवघे १५,००० डॉलर दिले. तेवढ्यात पूर्णवेळ रक्षक मिळत नाही. मग कर्मचाऱ्यालाच शस्त्र देऊन अट पुरी करण्याची पळवाट त्याच कायद्यात ठेवली. जो शिक्षक वर्गातल्या वह्या-पेन्सिली स्वतःच्या पगारातून आणतो आणि ज्याला त्यापोटी केंद्र सरकार तेव्हा जेमतेम ३०० डॉलरची करवजावट देत होते, त्याच्याच माथ्यावर रक्षकाची नोकरीही लादली.

पिस्तूल शाळेत आले की ते हल्ल्याच्या दिवसाची वाट पाहत कपाटात गप्प बसत नाही. युटामध्ये २०१४ साली एका शिक्षिकेचे पिस्तूल शाळेच्याच स्वच्छतागृहात उडाले आणि ती जखमी झाली. पार्कलँडनंतर महिन्याभरातच कॅलिफोर्नियातील सीसाइड येथे एका शिक्षकाने, जो राखीव पोलीस अधिकारीही होता, वर्गात बंदुकीच्या सुरक्षेचा पाठ देताना चुकून गोळी झाडली आणि विद्यार्थी जखमी झाला. प्रशिक्षित माणसाची ही गत! आमच्या शेजारी पाकिस्तानातही हा प्रयोग होऊन गेला आहे. पेशावरच्या लष्करी शाळेत तालिबानने डिसेंबर २०१४ मध्ये केलेल्या हत्याकांडानंतर खैबर पख्तुनख्वा सरकारने शिक्षकांना शस्त्रे बाळगायला परवानगी दिली. २०१५ च्या उन्हाळ्यात स्वात खोऱ्यात एका शिक्षकाच्या हातून बंदूक उडाली आणि त्याचाच विद्यार्थी ठार झाला. तालिबानच्या गोळीपासून वाचवण्यासाठी आणलेल्या हत्याराने मूल मारले.

शिवाय पोलीस आत शिरतील तेव्हा काय होईल? धुरात, किंकाळ्यांत, त्यांना हातात पिस्तूल घेतलेला एक माणूस दिसेल. तो शिक्षक आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलेले नसेल. कोलोराडोतील आरवाडा येथे २०२१ साली एका नागरिकाने हल्लेखोराला मारले आणि मागून आलेल्या पोलिसाने त्या नागरिकालाच ठार केले. २०१६ मध्ये मिनेसोटात मुलांना जेवण वाढणाऱ्या एका कृष्णवर्णीय शाळा-कर्मचाऱ्याने गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला सांगितले की माझ्याजवळ परवान्याची बंदूक आहे. पोलिसाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्या देशात बंदूकधारी सज्जन कोण हे ओळखताना कातडीचा रंगही पाहिला जातो. आमच्या गव्हाळ वर्णाच्या मराठी शिक्षकांनी हे विसरू नये.

मूळ कुठे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. तीन चतुर्थांश शाळा-हल्लेखोरांनी बंदूक आपल्याच किंवा नातलगाच्या घरातून आणली, असे सीक्रेट सर्व्हिसचाच अहवाल सांगतो. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार त्या देशातील नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. २०२० पासून तिथल्या मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हे आहे. त्याने मोटार अपघातांनाही मागे टाकले. आणि तरीही सँडी हूकनंतर, एप्रिल २०१३ मध्ये, बंदूक विकताना गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासण्याची व्याप्ती वाढवणारी साधी सूचना सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांनी पडली, कारण साठ मते हवी होती. युवाल्डेच्या पालकांनी टेक्सासच्या विधानभवनात महिनोन्महिने हेलपाटे घातले. तसली रायफल विकत घेण्याचे वय अठरावरून एकवीस करा, एवढेच त्यांचे मागणे होते. समितीत ते विधेयक मंजूर झाले आणि सभागृहापुढे कधी आणलेच नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! राज्यघटनेची सबब सांगू नका. शस्त्रबाळगणीचा वैयक्तिक हक्क मान्य करणाऱ्या २००८ च्या हेलर निकालातच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले आहे की शाळांसारख्या ठिकाणी बंदुकांना मनाई करणारे कायदे त्याने बाधित होत नाहीत.

दुसऱ्या देशांनी काय केले? स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे मार्च १९९६ मध्ये सोळा चिमुरडी आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. ब्रिटनने शिक्षकांना पिस्तुले वाटली नाहीत. दीड-दोन वर्षांत नागरिकांच्या हातची पिस्तुलेच कायद्याने काढून घेतली. त्याच वर्षी पोर्ट आर्थरमध्ये पस्तीस जण मारले गेल्यावर ऑस्ट्रेलियाने साडेसहा लाखांवर बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. अमेरिकेतही हे अशक्य नाही. ऑक्सफर्डच्या हत्याकांडानंतर मिशिगनने घरातली बंदूक मुलांपासून कुलपात ठेवण्याची सक्ती केली, आणि त्या हल्लेखोराच्या आईबापांना न्यायालयाने तुरुंगात धाडले. जिथे हिंमत होती तिथे मार्ग सापडला.

शिक्षकांचे म्हणणेही कुणी विचारले नाही असे नाही. रँड संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५४ टक्के शिक्षकांनी सांगितले की सहकाऱ्यांनी शस्त्र बाळगल्याने शाळा अधिक असुरक्षित होईल. अधिक सुरक्षित होईल म्हणणारे २० टक्केच होते. ज्यांच्या हाती ही हत्यारे द्यायची, त्यांनाच ती नको आहेत. तरीही ती दिली जात आहेत, कारण शस्त्र घेणारा शिक्षक हा बंदूक-विक्रेत्यांसाठी एक नवे गिऱ्हाईक आहे आणि मतांसाठी त्यांच्यापुढे लोटांगण घालणाऱ्या आमदारांना ती एक सोयीस्कर ढाल आहे.

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांना आमचे आता स्पष्ट सांगणे आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाला तुम्ही शेकड्यांनी जमता. शाळा मंडळाच्या सभेला तुमच्यापैकी किती जातात? टेक्सास, फ्लोरिडा, ओहायो या राज्यांत शिक्षकाला शस्त्र द्यायचे की नाही हे अखेर स्थानिक शाळा मंडळच ठरवते. ते मंडळ तुमच्या मतांवर निवडून येते. त्याच्या सभेत नागरिकांना बोलायला काही मिनिटे मिळतात. त्या मिनिटांत उभे राहा आणि विचारा: माझ्या मुलाच्या वर्गात पिस्तूल आहे का? असेल तर ते कुणाच्या हाती आहे, किती तासांच्या प्रशिक्षणावर, आणि ते चुकून उडाले तर जबाबदार कोण? उत्तर लेखी मागा. जो सदस्य उत्तर द्यायला नकार देईल, त्याला येत्या निवडणुकीत घरी बसवा.